शनिवारची उसण

—नाही ओ, मिस्टर नाहीत ते माझे. ती काउंटरवरची पोरगी आहे ना, तिनं विचारलं, ‘मावशी, काकांचं वय काय?’ मी सांगितलं वय. ‘बीपीची गोळी चालू आहे का?’ म्हटलं, होती चालू, मधी सोडून दिली, माझं कुठं ऐकतात. आता एवढं सांगितल्यावर तिनं तरी काय समजायचं? आणि मीपण खोडून नाही काढलं. कोण होतं इथं ऐकायला! तुम्हीही आलेल्या नव्हता तेव्हा. बसा ना, टेकून बसा, जागा आहे. शेजारी आहेत ते आमच्या गावचे — चुडामण आबा. बोदवडच्या अलीकडं गाव आमचं. केळी आहे त्यांची, कापूस आहे, बायको वारली मागं, एकटेच असतात. एकच मुलगा, पियुष, तो धुळ्याला — तुम्ही पण धुळ्याच्याच म्हणालात ना? बघा! तुमच्याकडं अहिराणी, ‘कसं शे, बरं शे’, मला ऐकायला फार गोड लागतं, बोलता नाही येत. तर तो निघालाय तिकडून, पारोळा मागं टाकलं म्हणे. तो येईपर्यंत मीच. म्हणजे मी आणि रुपचंद, ज्याच्या गाडीत घालून आणलं. तो बाहेर बसलाय, त्याला दवाखान्याच्या वासानं मळमळतं. एवढा पैलवान गडी आणि बाहेर बसलाय नाक दाबून.

तुमच्या सासूबाईंचं स्कॅन डोक्याचं आहे ना? मग लवकर होईल. यांचं छातीपासून पार खालपर्यंत आहे — शिरेचं. हो, हाताच्या शिरेचं नाही, काळजातून निघते ती मोठी शीर, सगळ्या अंगाला रक्त नेणारी. मला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं माणसाच्या पोटात एवढी जाड शीर असते. हितेंद्र डॉक्टर म्हणून आहेत आत, पोरगेलेसेच आहेत, पण समजावून सांगतात हो. म्हणाले, तिला आतून थर असतात, गोधडीला अस्तर असतं तसं. आतला थर फाटला की रक्त त्या फटीतून शिरतं आणि अस्तर सोलत-सोलत खाली जातं. मग एका शिरेत दोन वाटा होतात, एक खरी, एक खोटी. बोदवडच्या डॉक्टरांना आधी शंका आली. त्यांनी दोन्ही हातांचं बीपी मोजलं — मला वाटलं मशीन बिघडलं म्हणून परत मोजताहेत — तर दोन हातांचं वेगवेगळं! आपल्या जन्मात ऐकलं होतं का असं? ते म्हणाले, इथं नका थांबू, जळगावला न्या. इथं आल्यावर किडनीसाठी रक्त तपासलं, का, तर फोटोसाठी हातातून औषध सोडतात ते किडनीवाटे निघतं म्हणे. छातीला वायरी चिकटवल्या. म्हटलं या कशाला? तर काळीज सारखं हलतं ना, फोटो हलतो, म्हणून ठोक्याच्या मधल्या क्षणाला धरून फोटो काढायचे. आणि याच्यात नाही समजलं तर घशातून नळी घालून आतून बघणार. मी दारापर्यंत गेले होते. ते गोल मोठ्ठं मशीन, आणि आबा त्याच्यात सरकत चालले, आणि वरून आवाज आला — श्वास घ्या, रोखा — आणि बाई, इकडं दाराबाहेर मीच रोखून धरला. दार लावायला आलेली सिस्टर हसली मला.

हसू द्या. मला त्या डॉक्टरांकडून एकच गोष्ट पाहिजे. वाचतील की नाही ते सांगतीलच, ते मुलाला सांगतील. मला एवढंच पाहिजे की ती शीर आज सकाळी फाटली का आधीपासून फाटलेली होती. फोटोत कळतं म्हणे ते. म्हणजे कळतं का, हे मी वायरी लावताना विचारलं, तर डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘बहुतेक वेळा कळतं आजी, पण तुम्ही का विचारता?’ मी काय सांगणार होते त्यांना? मी लाथ मारली म्हणून?

घाबरू नका ओ! भांडण नाही झालं आमचं. मी पायाळू आहे. तुम्हाला माहीत नाही? कमाल आहे, धुळ्यात नाहीत का पायाळू? जन्मताना डोकं पुढं न येता पाय पुढं आले की पायाळू. लहानपणी वीज कडाडली की आई मला घरात कोंडायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. आणि कोणाच्या पाठीत उसण भरली, चमक निघाली, की पायाळूनं पाय लावायचा, हळूच लाथ द्यायची, की उसण उतरते. असं लोक म्हणतात. मी? मी मानते का? खरं सांगू? नाही मानत. आमच्या घरात हे चालतच नव्हतं. आमचे मिस्टर, वाल्मीकराव, दीपनगरला पॉवर हाऊसला होते, कॉलनीत राहायचो आम्ही. ते विहारात बोलायला उभे राहिले की अंधश्रद्धेवरच बोलायचे. कॉलनीत एकदा एका बाईनं मला बोलावलं नवऱ्याची पाठ धरली म्हणून, तर वाल्मीकराव माझ्यावर एवढे चिडले, म्हणाले, लिला, बाबासाहेबांचा फोटो आहे आपल्या भिंतीवर, शोभतं का? नाही शोभत. कबूल. ते होते तोवर कोणाची पाठ आमच्या दारात आली नाही.

ते गेल्यावर गावी आले मी. पोरगी साक्षी पुण्याला, तिचा रविवारी फोन येतो, ‘आई जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का’, तिचंही पोरांचं असतं मागं, किती बोलणार? घर आमचं वस्तीच्या टोकाला. दिवस उजाडतो आणि मावळतो, टीव्हीतलाच माणूस बोलतो. मग एक दिवस कुंदाबाईचा भाऊ आला कमरेला हात लावून, ‘अक्का, तुम्ही पायाळू ना?’ आणि माय, मी हो म्हटलं! वाल्मीकरावांच्या फोटोकडं बघितलं नाही, सरळ हो म्हटलं. का म्हटलं? कोणीतरी दारात उभं होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. मग सगळ्या गावाला कळलं. आता येतात. ज्यांना माझ्या हातचं पाणी चालत नाही त्यांना माझा पाय चालतो, बघा गंमत! सकाळी यायचं, उंबऱ्याबाहेर पाठमोरं उभं राहायचं, मी आतून पाय लावायचा, आणि त्यांनी चालू पडायचं. बोलायचं नाही, काही द्यायचं नाही, मागं वळून बघायचं नाही — बघितलं तर गुण येत नाही. आमच्याकडची रीतच आहे तशी. म्हणजे मला वाटलं होतं लोक येतील, बसतील, चार गोष्टी बोलतील. कसलं काय! बठ्ठ्या, सगळ्या गावाच्या पाठी मला पाठ आहेत, तोंडं बाजारात ओळखू येत नाहीत.

आबा तेवढे वळायचे.

पहिल्यांदा आले ना — कापूस वेचायला आला होता तेव्हा — उभे राहिले, मी पाय लावला, आणि हा माणूस सरळ मागं वळला आणि म्हणतो, ‘लिलाबाई, चहा टाका.’ मी म्हटलं, आबा, गुण नाही येणार! तर म्हणतात, ‘नही आला त मंग पुढच्या शनवारी येईन.’ आणि बसले ओट्यावर. चहा प्यायले. कप विसळून नाही ठेवला, आमच्याकडं येणारा एखादा विसळून पालथा घालून जातो, तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणते ते — यांनी तसाच ठेवला, घरच्यासारखा. आणि आले पुढच्या शनिवारी. त्याच्या पुढच्याही. दर शनिवारी उसण भरते का हो कोणाला? इस्त्रीचा सदरा घालून भरते का? मी काय लहान आहे? आणि माझं एक आहे, मी नाही मानत, पण पाठ मला समजते. उसण भरलेला माणूस एका अंगाला कलतो, त्याच्या पाठीत गाठ असते दोरीच्या गाठीसारखी, तळपायाला लागते. यांची पाठ ताठ. सपाट. काहीच नव्हतं तिच्यात! तेव्हाच मी ओळखलं, की हा माणूस उसणीसाठी येत नाही.

मग कशासाठी येतो? — तुम्हीच सांगा. नका सांगू, हसताय तुम्ही. मीपण हसायचे आतल्या आत. शुक्रवारी ओटा धुवायचे, शनिवारी ती निळी साडी नेसायचे. या वयात, हो! कोणाला सांगते मी हे! ते बसायचे भिंतीला टेकून, बराच वेळ बसायचे, उठायचं नावच नाही. बोलायचे असं पण नाही फार. केळीवर करपा आला, पियुषचा फोन आला, एवढंच. मधीच डोळे मिटून गप बसायचे. मी म्हणायचे, असू दे, काही माणसांना नाही बोलता येत, नुसतं बसता येतं. वाल्मीकराव सारखे बोलायचे, हे बसायचे. मला दोन्ही चालतं. मी चेष्टा करायचे, ‘काय आबा, आज कुठं भरली उसण?’ तर पाठीवर मधोमध हात न्यायचे, पोचायचा नाही तो हात, आणि म्हणायचे, ‘आठी. आतमधी.’ आठी म्हणजे इथं. मी पदर तोंडाला लावून हसायचे.

आणि आज आले बुधवारी. सकाळी मी भाकरी टाकत होते. दारात सावली पडली, बघते तर आबा, घरातला बनियन, पाठमोरे. एक शब्द नाही. मी म्हटलं, अगं बाई, आता शनिवारपर्यंत पण दम निघत नाही का? एवढं बरं वाटलं मला, काय सांगू! त्या आनंदात मी म्हटलं, ‘घ्या मग, आज दोन्ही वारांची एकदम’, आणि नेहमीपेक्षा जोरात दिला पाय. जोरात म्हणजे — जोरातच. चेष्टेनं. त्यांनी चौकट धरली. वळले नाहीत. खालीच बसले, आणि बनियन बघता बघता घामानं ओला झाला, पाण्यात बुडवून काढल्यासारखा. तोंडातून एवढंच, ‘फाटलं… फाटलं व माय.’ मला वाटलं बनियन फाटला म्हणताहेत. माझ्या हाताला पीठ, तशीच पळत सुटले, रुपचंदच्या दारात जाऊन बोंबलले.

म्हणून विचारलं मी डॉक्टरांना. आता समजलं? सकाळी फाटली असेल तर ती माझ्या पायानं. तो पियुष येईल, त्याला मी काय तोंड दाखवू? एवढा भला माणूस, चार घटका माझ्याजवळ बसायला म्हणून येत होता, आणि मी त्याला— नाही, पाणी नको. असू दे तुमच्याकडं. सासूबाईंना लागेल.

आला वाटतं. हा काय, पियुषच तो, चष्म्यातला. डॉक्टर पण बाहेर आले. माझी पिशवी बघा हं जरा. येते मी.

सरका थोडं. बसू द्या.

वाचतील म्हणे! नाशिकला नेणार, लगेच, त्या मशीनवाल्या अ‍ॅम्ब्युलन्समधून. बीपी खाली आणायचं औषध चालू केलंय, तिथं शिरेच्या आतून जाळीची नळी बसवतील. छाती फाडायची गरज नाही बहुतेक. काळजाजवळचा भाग चांगला आहे, तिथं फाटलं असतं तर कठीण होतं. मलाही आत घेतलं बरं का डॉक्टरांनी, पियुष म्हणाला येऊ द्या मावशींना. काय तो फोटो! संगणकावर ती शीर नुसतीच काढून दाखवतात, हाडं नाहीत, मांस नाही, लाल, वरून वाकलेली, छत्रीच्या दांड्यासारखी. बोटानं फिरवली की गोल फिरते, मागून दिसते, बाजूनं दिसते. आणि तिच्यात मधी तो पडदा. मग मी विचारलं, पियुषसमोरच विचारलं, डॉक्टर, सांगा ना, आज सकाळचं आहे का हे? माझा पाय लागला होता. सांगूनच टाकलं. तो पियुष बघायलाच लागला माझ्याकडं.

डॉक्टर म्हणाले, ‘नाही आजी. पाय लागून नाही होत असं. हे जुनं आहे, काही महिन्यांचं तरी.’ जुनं! मी त्यांना परत म्हणायला लावलं. तर त्यांनी दाखवलं — नवीन फाटलेलं असलं की पडदा पातळ असतो, रक्ताबरोबर हलतो. यांचा जाड झालाय, ताठ बसलाय जागेवर. त्या खोट्या वाटेत कडेनं रक्त गोठून थर बसलाय, शीर फुगलीये. एका दिवसात होत नाही म्हणे एवढं. गोळ्या सोडल्या, बीपी चढलं, म्हणून आज पुढं थोडं आणखी सोललं गेलं, ते पण रात्रीच सुरू झालं असेल. माझ्याकडं येण्याआधीच. सुटले मी, बाई! सुटले! रडायलाच आलं मला तिथं. तो पियुष वाकून माझ्या पाया पडायला लागला, ‘मावशी, तुम्ही वेळेवर आणलं म्हणून.’ मी पाय मागं घेतले. म्हटलं, नको रे पोरा, या पायांना नको हात लावू.

भला पोरगा आहे. त्याला फार लागलं मनाला. डॉक्टरांना म्हणाला, बाबा कधीच बोलले नाहीत. फोनवर रोज ‘बरा हाये’, एवढंच. तर डॉक्टर म्हणाले, ‘दुखत असणार त्यांना. पाठीत, आतमध्ये. येऊन-जाऊन दुखतं. बरेच लोक उसण समजून अंगावर काढतात…’

हो. असंच म्हणाले.

दुखत असणार, म्हणाले. इतके महिने.

म्हणजे दुखतच होतं की हो. ‘आठी, आतमधी’ म्हणायचे, ते आतमधीच होतं. माझ्या पायाला लागणार कसं? पाय पडतो वरून. आणि मी हसायचे. पदर लावून हसायचे… आणि ते बसायचे ते? भिंतीला टेकून, डोळे मिटून? — उठवत नसेल. चालवत नसेल घरापर्यंत. कळ उतरेपर्यंत बसत असतील, आणि मी आपली समोर चहा घेऊन, निळी साडी नेसून. पण मग इस्त्रीचा सदरा? तो का घालायचे? — गावच्या शेतकरी सोसायटीची मीटिंग असते ना शनिवारी सकाळी. आबा तिथं असतात. तिथून घरी जाताना माझ्यावरूनच रस्ता. हे मला माहीत होतं. आजच नाही कळलं, माहीतच होतं मला, मी ते बाजूला ठेवून दिलं होतं.

उसण उतरवायला येत होता तो माणूस. बाकीचे येतात तसाच. नुसता वळून बघत होता एवढंच.

नाही नाही, रडत नाही मी. आनंद आहे. माणूस वाचला, माझ्यावरचं बालंट गेलं, अजून काय पाहिजे? आत्ता स्ट्रेचर नेलं बघा इथून, तुम्ही फोनवर होता. पडून होते, औषधानं डोळे जड. मी जवळ गेले. मनात आलं विचारावं, आबा, एकच सांगा, एखाद्या तरी शनिवारी काहीच दुखत नव्हतं का हो? विचारणार काय तिथं! पोरगा उभा, सिस्टर उभी. म्हटलं, ‘सांभाळून जा.’ त्यांनी मान हलवली. कळलं का नाही कोण जाणे. पियुष म्हणाला, ‘मावशी, तुम्ही जा आता रुपचंदकाकांबरोबर, थकल्या असाल. बाबांना बरं वाटलं की मी धुळ्यालाच घेऊन जाईन.’ बरोबर आहे त्याचं. एकट्या माणसाला कोण ठेवील गावात, असं झाल्यावर? मी म्हटलं, हो बाबा, घेऊन जा, मुलाजवळच बरं.

खरं सांगू तुम्हाला? तुम्ही काही आमच्या गावच्या नाही, परत भेटणार नाही, म्हणून सांगते. मघाशी डॉक्टर जुनं म्हणाले ना, त्यांनी नवीन म्हटलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पायानंच फाटली असती तर. मग आधीचे सगळे शनिवार माझे तरी—

माय वं! काय बोलले मी. एवढं मरणाच्या दारातून माणूस परत आला, आणि मी काय बोलतेय. नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. तुम्ही ऐकलंच नाही, समजलं ना? जा, त्या बघा तुमच्या सासूबाईंना बाहेर आणलं, शोधताहेत तुम्हाला. हात द्या त्यांना. जा ना बाई, उठा. काही नाही झालं मला. जा तुम्ही.